आईची बसायची जागा

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्रास कारण, तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "कामात आहे" म्हणून ठेवून देतेस. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकट्या बाईला एवढं कसलं काम असतं ते तुलाच ठाऊक. पण पत्र असं मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि आईची बातमी असलेलं पत्र तू फाडणार नाहीस याची मला खात्री आहे. गुडघे कसे आहेत? मी पाठवलेला चष्मा नाकावरून घसरत असेल तर कळव, दुसरी फ्रेम पाठवते. इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

आता मुद्द्याचं. आईला कुणीही घराबाहेर काढत नाहीये. "माझ्या बहिणीला म्हातारपणी टाकायला निघालात" असं तू दादाला म्हणालीस. दादाने ते मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर "मावशीचंही अगदीच चूक नाही" असं जोडून फोन ठेवला. हा दादा वर्षातून दोनदा येतो, आईचा रक्तदाब मोजतो, मला चार सल्ले देतो आणि जातो. त्याचं तरी कुठे चूक असतं म्हणा. आमच्या घरात चूक करायचं काम मला एकटीला दिलेलं आहे.

आई बाथरूममध्ये घसरली असं तुला सांगितलं होतं ना? ते खोटं. ती स्टुलावर चढून पडदे काढत होती. धुवायला. पडदे स्वच्छ होते, मावशी. "मावशीला सांगू नकोस, ती उगाच घाबरेल," असं तिने स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला बजावलं. खुबा जोडला, तो जुळलाही, पण डॉक्टरांनी सांगितलंय की आता तिला एकटं ठेवायचं नाही. मी सकाळपासून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत असते, यांची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तू यायचीस तेव्हा तुला घ्यायला ती तीन जिने उतरून फाटकापर्यंत जायची, आठवतं? आता दारापर्यंत जाताना वॉकर लागतो आणि तरी बेल वाजली की सगळ्यांच्या आधी तीच उठते.

बाई ठेवून बघितली. एक नाही, तीन. पहिलीला आईने दुपारी झोपायची सवय लावली, कारण "बिचारी लांबून येते". दुसरीच्या मुलीचे फ्रॉक शिवून दिले. तिसरीला सकाळी मी दार उघडून द्यायचे आणि संध्याकाळी घरी यावं तर बाई खुर्चीत बसून चहा पितेय आणि आई वॉकरला धरून ओट्याशी उभी. सेवेला बाई ठेवली आणि सेवा आईच करतेय. मी आईवर ओरडले, बाई रडली, आईने बाईची समजूत काढली. मी हात टेकले.

म्हणून आईला घेऊन म्हाताऱ्या माणसांना राहायच्या दोन जागा बघून आलो. दादाने शोधलेली मोठी, शहराच्या टोकाला: चार मजले, दोन लिफ्ट, डॉक्टर तिथेच, व्यायामाची खोली, दीडेकशे माणसं. भिंतीला दांडे, फरशीला फिनाइलचा वास. जेवणाचा हॉल एवढा मोठा की लग्नाची पंगत बसेल. फिरवून दाखवणारी व्यवस्थापक बाई नम्र होती, पण तिने आईचं नाव दोनदा विचारलं आणि दोनदा विसरली. मला ते फार लागलं.

दुसरी माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. एका निवृत्त नर्सबाईंचा बंगला, आतमध्ये सहा म्हातारी माणसं आणि सातव्या कॉटची जागा. स्वयंपाकघरात कांदा भाजल्याचा वास, व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे, एक मांजर. नर्सबाईंनी आईचा हात हातात घेतला आणि "या, आपलंच घर समजा" म्हणाल्या. मला तिथेच बरं वाटलं. दुकान बंद करून मी रोज जाऊ शकेन, जेवण झालं का बघू शकेन. तूही हेच म्हणतेस ना, की मोठ्या ठिकाणी माणसाचा नुसता नंबर होतो? अगदी खरं. दादाशी या एका गोष्टीवर मी तुझ्या बाजूने भांडले, याची नोंद घे.

आईला विचारलं. विचारलं नाही असं म्हणू नकोस. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं दिसतंय की आधीचं?" असं विचारत असते, तसंच तिला समोर बसवून विचारलं. तर म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." गिऱ्हाईक असं म्हणालं असतं तर मी त्याला दुसऱ्या दुकानात पाठवलं असतं.

तेव्हा असं ठरलंय की उद्यापासून पंधरा दिवस नर्सबाईंकडे राहून बघायचं. आवडलं तर तिथेच.

तू दादाजवळ निरोप दिलास की तिला माझ्याकडे पाठवा. तो आईला पोचवला. त्याबद्दल निवांत लिहीन.

तुझी,
चुका करणारी भाची


२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ, "माझ्याकडे का नाही?" आणि खाली सही. बाकीची जागा रागाने मोकळी सोडलीस वाटतं. उत्तर देते, पण आधी इथे काय झालं ते सांगू दे. माझं डोकं ठिकाणावर नाही.

नर्सबाईंकडे आई गेली. पहिले दोन दिवस गादीच्या कडेवर पाहुण्यासारखी बसून होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले तर ती कपाटापुढे स्टूल घेऊन बसलेली (बसलेली, चढलेली नव्हे, मी आधी तेच बघितलं) आणि सगळ्या चादरी काढून पुन्हा घड्या घालत होती. इस्पितळाच्या लिनन विभागात तीस वर्षं काढलेली बाई. घडीची बंद बाजू बाहेर, उघडी बाजू आत, म्हणजे एक ओढली तर एकच हातात येते. आमच्या लहानपणी घरच्या कपाटातून चुकीची चादर ओढली म्हणून तूही बोलणी खाल्ली असशील. नर्सबाई शेजारी उभ्या राहून कौतुक करत होत्या. आईच्या गालावर जरा रंग आलेला. मला काय आनंद झाला सांगू. यांना घरी येऊन म्हटलं, "बघा, करमलं तिला."

मग रोज काहीतरी नवीन. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना गोळ्या आईच्या हातूनच लागतात, कारण ती पाणी कोमट करून देते. एक आजी आहेत, त्यांना सगळे बाहुली म्हणतात, त्या आई शेजारी बसल्याशिवाय घास घेत नाहीत. एक दिवस स्वयंपाकाची बाई आली नाही, तर आईने खुर्चीत बसून सगळ्यांची भाजी चिरून दिली. नर्सबाई मला फाटकाशी गाठून म्हणाल्या, "तुमच्या आई म्हणजे आमच्या घराचा आधार झाल्यात." मी दादाला फोन करून हे वाक्य दोनदा ऐकवलं. दादा गप्प. त्याला गप्प करायची संधी मला किती वर्षांनी मिळाली होती.

पंधरवडा संपला. तिला घरी आणलं, कपडे घेऊन कायमचं परत जायच्या तयारीसाठी. घरी आली ती झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. मी घाबरून दुकानातून दोनदा फोन केला, हे म्हणाले, झोपलीय, श्वास चालू आहे, तू काम कर. संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली तर पलंगावरून म्हणाली,

"ते मोठं परत एकदा दाखवशील?"

"कुठलं मोठं?"

"दादाने शोधलेलं. लिफ्ट होती ते."

मला वाटलं, झोपेत बोलतेय. म्हटलं, "अगं, तिथे तुझं नाव पण कुणाच्या लक्षात राहत नव्हतं."

"तेच म्हणतेय मी."

मावशी, मी चिडले. मी सांगते तुला, मला इतका राग आला की हातातला तिचा स्वेटर मी बॅगेत कोंबला. पंधरा दिवस मी आनंदाने नाचतेय, मावशीच्या बाजूने भांडतेय, दादाला हरवलंय, आणि ही बाई आता बोलतेय. म्हटलं, "तुला तिथे त्रास होत होता तर बोलली का नाहीस? नर्सबाई तर म्हणत होत्या, घरासारखं रमल्यात."

"घरासारखंच होतं ते," आई म्हणाली. "अगदी घरासारखं. म्हणून तर."

ती कुशीवर वळून भिंतीकडे बघत बोलत राहिली. तिला तोंडावर बोलता येत नाही, तुला माहितीच आहे.

"सात माणसांत कुणी खोकलं तरी ऐकू येतं गं. भांडं पडलं तर कुठलं पडलं ते कळतं. मग मी बसून कशी राहू? मास्तरांनी हाक मारली की माझा पाय आपोआप खाली येतो. मोठ्या जागेत मी नाही उठले तरी कुणाचं काही अडणार नाही. हाक मारायला मी कोण आहे ते तिथे कुणाला माहीतच नाही."

"पण नाही म्हणायचं ना, आई. 'मला जमणार नाही' एवढंच म्हणायचं."

"ते मला येत नाही. आता शिकवणार आहेस?"

मी म्हटलं, "तुला इतकी वर्षं कुणी अडवलं होतं?" आणि तोंडातून शब्द गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिच्या पलंगाशी उभी राहून तिचा स्वेटर ती आता घडी घालेल म्हणून तिच्यापुढे धरला होता. कोंबलेला नीट करायला. आणि ती खरंच उठून बसली होती, हात पुढे करून.

तो मी परत ओढून घेतला. घडी मीच घातली. वाईट घातली. तिने बघितली आणि काही बोलली नाही, हे तिच्या बाजूने फार झालं.

दादाला फोन केला. "मी म्हटलंच होतं," म्हणाला. म्हटलं, तू लिफ्टसाठी म्हटलं होतंस, उगाच श्रेय घेऊ नकोस. सोमवारी तिला त्या मोठ्या जागेत नेतोय.

तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर पुढच्या पत्रात. टाळत नाहीये. हो, टाळतेय. चार दिवस दे.

तुझी,
भाची


१४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. चार दिवसांचे वीस झाले, माहितीय. दुसरं पोस्टकार्डही मिळालं. यावेळी तर ओळसुद्धा नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. एका चिन्हासाठी अख्खं कार्ड, कमाल आहे तुझी.

आई तिकडे राहायला गेली. दुसरा मजला, खिडकी गाड्या उभ्या करायच्या जागेवर उघडते, बघण्यासारखं काही नाही. शेजारच्या कॉटवर एक बाई आहे, ती दिवसभर कानात काहीतरी घालून गाणी ऐकते आणि आईशी बोलत नाही. जेवण बरं असतं, गरम असतंच असं नाही. पहिल्या आठवड्यात आईचे कपडे धुलाईतून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत गेले. मी तावातावाने खाली जाऊन व्यवस्थापक बाईशी भांडायला निघाले, तर आई म्हणाली, "जाऊ दे, मिळतील. दीडशे माणसांचे कपडे आहेत, ते काम कसं चालतं मला माहीत आहे." मग म्हणाली, "आणि ते माझं नाहीये."

तू नंबराचं म्हणालीस तेही खरं झालं, सांगते. तिथल्या मदतनीस तिला नावाने हाक मारत नाहीत. खोलीच्या नंबराने बोलतात, "दोनशे बाराला गोळी दिली का?" असं. मी ऐकलं आणि तुझे शब्द आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईला म्हटलं, तुला वाईट नाही वाटत? तर म्हणाली, "नंबराला कुणी 'जरा येता का' म्हणत नाही." आणि हसली. मावशी, ती हसली. मी रागाने बघत राहिले.

मला बजावलंय की रोज यायचं नाही. आठवड्यातून एकदा, आणि फोन करून. "तू रोज आलीस की तुझा चेहरा बघून मला काळजी लागते. मग मी तुझ्यासाठी काहीतरी करायला उठणार." दुकानाच्या मागच्या गल्लीतली जागा मी कुणासाठी शोधली होती, तिच्यासाठी की माझ्यासाठी, हा विचार मी अजून पुरा केलेला नाही आणि करायची इच्छाही नाही. संध्याकाळी दुकान बंद करते आणि सरळ घरी येते. घर फार नीटनेटकं आहे. पडदे मळलेत, ते मी तसेच ठेवलेत.

तर तुझं उत्तर.

तुझा निरोप मी आईला पहिल्याच दिवशी दिला होता. तिने तेव्हाच उत्तर दिलं होतं. ते मी इतके दिवस माझ्याजवळ ठेवलं, कारण ते तुला लागेल, आणि तुला लागलेलं मला बघवत नाही, तू कितीही खडूस असलीस तरी. आता ती तिकडे रुळली आहे म्हणून लिहिते. आई म्हणाली, "नको. तिच्याकडे गेले तर मला परत तिची आई व्हावं लागेल."

रागावू नकोस. रागाव, पण पुढचं वाच. तुमची आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि ती तेरा. हे मला कधी तिने सांगितलं नाही, तूच सांगितलंस, की तुझ्या वेण्या ती घालायची आणि तुला झोप लागेपर्यंत पायाशी बसायची. तू ते प्रेमाने सांगतेस. मला वाटतं आईलाही ते प्रेमानेच आठवतं. पण ती म्हणाली, "ती माझ्यासाठी सगळं करेल गं, जीव टाकेल. पण तिच्यासमोर मला बसता येत नाही. ती स्वयंपाकघरात गेली की माझे हात चुळबुळतात. ती लहान आहे ना." चौऱ्याहत्तर वर्षांची लहान. मी हसले, आई हसली नाही.

तिचं तुझ्यावर प्रेम कमी आहे असं वाचू नकोस. मला विचारशील तर उलट आहे. नर्सबाईंकडच्या मास्तरांना ती पंधरा दिवस पुरली, तुला तर ती जन्मभर पुरली असती, आणि हेच तिला नको आहे. मला नीट सांगता येत नाही. मी चष्मे देणारी बाई आहे.

परवाची गोष्ट सांगते आणि संपवते. मी गेले होते, तिच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर ती, एकीवर मी. मदतनीस बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले आणि ती उठायला लागली. मी बघितलं, पाठ खुर्चीपासून सुटली होती, वजन पायांवर आलं होतं. आणि मग ती थांबली. खाली बसली. सावकाश, मुद्दाम बसल्यासारखी. मीच उठून ट्रे घ्यायला पुढे झाले तर मला म्हणाली, "बस तू. तिचं काम आहे ते, तिला करू दे." बाईने कप टेबलावर ठेवले आणि गेली. आईने कप घेतला, एक घोट घेतला आणि मला विचारलं, "बघितलंस?"

मी म्हटलं, बघितलं.

"चहा पाणचट आहे," ती म्हणाली आणि सगळा प्यायली.

मावशी, आमच्या घरात माझ्या आईला आयता चहा पिताना मी कधी बघितलं असेल तर मला आठवत नाही. आजारपणातसुद्धा ती उठून कप विसळायला जायची. मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि आई निवांत बसलेली कशी दिसते ते मला परवा कळलं. पाठ टेकवून बसली की ती जरा बुटकी दिसते. तुझ्यासारखी दिसते.

तू ये. माझ्याकडे उतर, जिने हळूहळू चढू, आणि दुसऱ्या दिवशी तुला तिकडे नेते. येताना काही करून आणू नकोस, डबा बघितला की ती ताटं मांडायला उठेल. तिसरी खुर्ची मी खालून मागवून घेईन. पत्र पुरं करायच्या आधी तिला फोन करून विचारलं, मावशीला काय लिहू? तर म्हणाली, "लिही की मी वाट बघतेय. आणि हेही लिही की मी दारापर्यंत येणार नाही. तिला म्हणावं, आत ये."

तुझी,
भाची